म्हातारीचे तीन पिस्टन

बँडवाल्यांचं कुठलंही जुनं पितळी कॉर्नेट हातात आलं की मामाजी आधी त्याचा वास घ्यायचे. फुंकायच्या टोकाशी नाक न्यायचे, डोळे मिटायचे आणि थोड्या वेळानं निकाल द्यायचे. "याचा मालक तंबाखू-सुपारीचा खर्रा खात होता." "हा बिडीवाला." पांढरकवड्याहून आणलेल्या एका ट्रंपेटबद्दल ते म्हणाले होते, "याले वाजवत कोणी नव्हतं, पण रोज पुसत होतं. खोबऱ्याच्या तेलाचा वास हाये." पुढे कळलं की ते वाजवणारा माणूस कधीच वारला होता आणि त्याची बायको रोज फडक्याला तेल लावून ते पुसायची. हे ऐकून मला कौतुक वाटायला हवं होतं. मला भीती वाटली. ज्या माणसाला पितळेच्या नळीतून एवढं कळतं, त्याला माझ्याबद्दल काय काय कळत असेल, हाच विचार आधी मनात आला.

मी मुळातच भित्री. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. माहेर महागावकडचं. तिथं सर्वांत मोठा आवाज म्हणजे सोयाबीनच्या मळणीयंत्राचा. लग्न होऊन वणीला आले आणि पहिल्याच दुपारी पायाखालची जमीन हलली. तावदानं थरथरली, मांडणीवरचा पेला खाली पडला. मी पदराचा बोळा तोंडात धरून भिंतीला चिकटले. बाहेर खाटेवरून मामाजी शांतपणे म्हणाले, "खदानीत ब्लास्टिंग हाये, सूनबाई. रोजचंच हाये. श्वास काहून धरून राह्यली? भेव वाटलं तं श्वास सोडत जा. धरून ठेवला का भेव आतच राह्यते." हे मी पुढे शंभर वेळा ऐकलं असेल आणि मला ते एकदाही जमलं नाही.

मामाजी म्हणजे माझे सासरे. वस्तीत त्यांना सगळे 'बाजेवाले बाबा' म्हणत. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात आम्ही तिघंच, मी, माझे मिस्टर आणि ते. मामाजींचा जन्म कोळशाच्या खाणीत ड्रिल मशीन चालवण्यात गेला. पण तरुणपणी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत ते कॉर्नेट वाजवायचे, आणि ते वेड खाणीतल्या नोकरीतही सुटलं नाही. मग गावोगाव डीजे आला, ढोल-कीबोर्डचं धुमाल आलं आणि बँडवाल्यांनी पितळी वाजे भंगारात द्यायला सुरुवात केली. मामाजी सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढून वणी, मारेगाव, पार महागावपर्यंतची भंगाराची दुकानं फिरायचे. पत्र्याच्या दोन ट्रंका त्यांनी अशा भरल्या. वाजवायला येणारी आणि न येणारी, चेपलेली, डाग दिलेली, परदेशी अक्षरं कोरलेली, सगळी. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. जिथून आणलं त्या गावाच्या नावानं ते त्या वाज्याला हाक मारायचे. फक्त एकीला गावाचं नाव नव्हतं. तिला ते 'म्हातारी' म्हणायचे.

म्हातारी म्हणजे त्यांचं सर्वांत जुनं कॉर्नेट. आखूड, गुबगुबीत, चांदीचं पाणी दिलेलं, पण काळं पडलेलं. रोज सकाळी चहाच्या आधी मामाजी तिला ट्रंकेतून काढायचे, पडवीत भिंतीला पाठ लावून बसायचे आणि एकच स्वर धरायचे. गाणं नाही, चाल नाही. एक लांब सा. संपला की पुसून परत ट्रंकेत. नवीन होते तेव्हा मला वाटलं, देवपूजेसारखं काहीतरी असेल. खरं काय ते मिस्टरांनी सांगितलं. खाणीच्या धुळीनं मामाजींची छाती खराब झाली होती. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी फुंकायला सक्त मनाई केली होती. मामाजींनी ती मान हलवून ऐकून घेतली आणि घरी येऊन ठरवलं, रोज एकदाच फुंकायचं. "मशीन लावून डॉक्टर सांगते, छाती किती राह्यली. मले म्हातारी सांगते, फुकट."

तेव्हापासून माझी प्रत्येक सकाळ त्या एका स्वरावर टांगलेली असायची. तो सुरू झाला की मी गॅसपाशी उभी राहून मनात मोजायची. एक, दोन, तीन. पंधराच्या पुढं गेला की माझे हात परत कामाला लागायचे. बहुतेक दिवशी एकोणीस व्हायचे. एखाद्या दिवशी सोळाला थरथरला की मला दिवसभर काही सुचायचं नाही, भाजीत मीठ दोनदा पडायचं. मामाजींना मात्र काही विचारायची हिंमत नव्हती. सासऱ्यांना छातीचं कसं विचारणार?

मग लग्नानंतरचा दुसरा एप्रिल आला. जयंतीच्या आधी आमच्या वस्तीत घरं रंगवतात. आम्हीही रंग काढला आणि घरातलं सगळं सामान अंगणात आलं, त्यात त्या ट्रंकाही. मामाजी आणि मिस्टर रंगाचे डबे आणायला गेले होते. वणीत कशावरही बोट फिरवा, काळं होतं. कोळशाची धूळ डाळीच्या डब्यातसुद्धा जाते. तेव्हा पुसणं, घासणं हा आम्हा बायकांचा उभा जन्मच. मी म्हातारीकडे पाहिलं. काळीकुट्ट. वाटलं, मामाजी रोज हिला तोंड लावतात आणि हिची ही दशा. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी चिंच भिजवलेलीच होती. घेतली चिंच, घेतली राख आणि बसले घासायला.

वरून घासून भागलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण मला काम अर्धं करायची सवय नाही. कॉर्नेटला वर तीन बटणं असतात. त्यांची गोल झाकणं आतून काळी दिसत होती. घट्ट झाकणं उघडण्यात मी पहिल्यापासून हुशार, फडकं धरून पिळली आणि उघडली. बटण वर ओढलं तर त्याला खालून जोडलेली बोटभर लांब नळी बाहेर आली, मध्ये आरपार भोकं पाडलेली. बाजेवाले तिला पिस्टन म्हणतात, हे मला नंतर कळलं. तिन्ही काढले, चिंचेच्या पाण्यात धुतले, खाटेवर टॉवेल पसरून वाळवले आणि परत बसवले. तिन्ही अगदी एकसारखे होते. मसाल्याच्या डब्यातली कुठलीही वाटी कुठंही बसते, तशीच माझी समजूत.

कोरडी करून पाहिली. पोटाशी, कडांना, जिथं जिथं जोरात घासलं होतं तिथं चांदी उडून खालचं पिवळं पितळ दिसत होतं. मी तिला फडक्यात गुंडाळली, ट्रंकेत खाली घातली आणि वर महागावच्या भंगारातून आलेल्या महागाववालीला ठेवलं. मामाजी आले, चहा प्यायले, रंगाच्या गप्पा केल्या. मी गप्प.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंकेचं झाकण वाजलं. मी गॅसपाशी उभी. आता बोलतील, मग बोलतील. फडकं सोडल्याचा आवाज आला. नंतर बराच वेळ काही नाही. मग 'फुस्स' असा एक आवाज. परत 'फुस्स'. सा नाहीच. मी एक म्हणायला तोंड उघडून तशीच उभी राहिले. थोड्या वेळानं झाकण बंद झालं आणि मामाजी चहा न घेता आत जाऊन झोपले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंक उघडलीच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. अर्धी भाकर खाऊन उठायचे. माझ्याकडे पाहायचे आणि मान वळवायचे. मी मनात सगळं रचून ठेवलं. चांदी पाहिली, राग आला, बोलत नाहीत, आता एक दिवस मिस्टरांना बोलावून सांगतील, हिला महागावला सोडून ये. मिस्टरांना म्हटलं, मामाजींना काय झालं विचारा ना. ते म्हणाले, "उन्हाचं होत असंन." चौथ्या दिवशी मामाजींनी त्यांनाच जवळ बसवून कपाटातली कुठली पिशवी, तिच्यात कुठले कागद, हे समजावून दिलं. मी दाराआडून ऐकलं आणि माझ्या डोक्यात काही भलतंच शिरायला लागलं. रागावलेला माणूस कागद कशाला दाखवेल?

पाचव्या दिवशी मारेगावचे बँडमास्तर आले. मामाजींनीच फोन करून बोलावलं होतं. हे मास्तर मामाजींच्या हाताखाली शिकलेले, वयानं पन्नाशीचे, पण त्यांच्यासमोर अजून खुर्चीवर बसत नसत. मामाजींनी दोन्ही ट्रंका त्यांच्यापुढं उघडल्या. "घेऊन जा सगळे. फक्त म्हातारी माह्यासंगं राहू दे." मास्तर घाबरले. "काहून बाबा? असं काहून बोलून राह्यले?" मामाजींनी छातीवर हात ठेवला. "हवाच जात नाही रे आता. पाच दिवस झाले. फुंकतो तं जशी भित लागते समोर. संपलं."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. म्हणजे मामाजी रागावलेले नव्हतेच. मामाजी मरणाची तयारी करत होते, आणि तीही आमच्या कोणाला कळू न देता. आणि मी मूर्ख, पाच दिवस चांदीचं दुःख करत बसले होते.

मास्तर डोळे पुसत खाली बसले. त्यांनी एक ट्रंपेट उचललं आणि हाताला सवय होती म्हणून त्याची झाकणं फिरवून पिस्टन वर काढले. मामाजी म्हणाले, "काय पाहून राह्यला?" मास्तर म्हणाले, "तुमीच शिकवलं ना जी. जुना वाजा हाती घेतला का आधी पिस्टनवरचा नंबर पाह्यजो. एकचा पिस्टन एकात, दोनचा दोनात. अदलाबदल झाली तं भोकं जुळत नाही, हवा अडते."

टॉवेलवर वाळत पडलेले ते तीन पिस्टन माझ्या डोळ्यांपुढं आले. नंबर? मी नंबर पाहिले नव्हते. नंबर असतात हेच मला माहीत नव्हतं.

खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा मला आधी पळून जावंसं वाटलं. परक्या माणसासमोर, सासऱ्यांसमोर उभं राहून हे सांगायचं. पण मामाजींचा हात अजून छातीवरच होता. मी ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, "मामाजी, मी त्या दिवशी म्हातारी घासली होती. चांदी गेली तिची. आणि तिचे तिन्ही पिस्टन मी काढले होते."

मग मास्तरांनी म्हातारीला फडक्यातून काढलं, झाकणं उघडली, एकेक पिस्टन उजेडात धरला. "एकात तीन हाये बाबा. अन् दोनात एक."

मामाजी माझ्याकडे पाहत राहिले. "चांदीचं मले त्याच दिवशी समजलं," ते म्हणाले. "चिंचीचा वास येऊन राह्यला होता. बोललो नाही, तू भेतेस म्हणून. पण वरून घासली असंन म्हटलं. झाकणं तुह्यानं उघडतीन असं नाही वाटलं." आणि विचारलं, "मंग पाच दिवस काहून बोलली नाही?"

"भेव वाटलं जी."

"मीबी भेलो," मामाजी म्हणाले. "अख्ख्या जिल्ह्याले सांगत फिरलो, हवा अडली तं नंबर पाहा. अन् माह्यी अडली तं मी पाह्यलंच नाही. वाटलं, आला तो दिवस. रोज त्याचीच वाट पाहून राह्यलो होतो ना."

मास्तरांनी पिस्टन जागच्या जागी बसवून म्हातारी त्यांच्यापुढं धरली. मामाजींनी ती घेतली नाही. "नको. आता नको." मला आधी कळेना. मग कळलं. इतके दिवस वाटत होतं छाती बंद पडली. आता वाज्यात खोट नव्हती. आता आवाज आला नाही, तर मात्र ती छातीच. आम्ही तिघंही त्या कॉर्नेटकडं साप पाहावा तसं पाहत बसलो. शेवटी मामाजींनी ते हातात घेतलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मोज."

मी रोज मोजते, हे त्यांना ठाऊक होतं. नक्की कसं, ते मला आजही माहीत नाही. मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं मोजलं. चौदा झाले. मास्तर रडायला लागले आणि मामाजींनी थंड झालेला चहा एका दमात पिऊन टाकला.

त्या दिवसापासून म्हातारीची देखभाल माझ्याकडे आली. ही शिक्षा होती की बढती, मी कधी विचारलं नाही. दर रविवारी मामाजी खाटेवर बसून सांगायचे आणि मी करायची. पिस्टन एकेक काढायचा, दुसरा काढायच्या आधी पहिला परत ठेवायचा. मऊ फडक्यानं पुसायचा, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडायचे, फिरवून बसवायचा. चिंचेला हात लावायचा नाही. सकाळी फुंकायच्या आधी ते हाक मारायचे, "सूनबाई, नंबर बरोबर हाये ना?" मी म्हणायची, "हो जी, बरोबर आहेत." आणि मोजायला लागायची. आलेल्या-गेलेल्यांना ते माझी ओळख करून द्यायचे, "हे पाहा, इनं मले पाच दिवस मारलं होतं." मी लाजेनं मरायची आणि ते खोकेपर्यंत हसायचे.

पण आकडे उतरत गेले. पुढच्या पावसाळ्यात अकरा. दिवाळीनंतर आठ. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, त्याची घरघर दिवसभर चालायची. मी एकदा म्हातारीचं फुंकायचं टोक तांदळाच्या डब्यात लपवून ठेवलं. सकाळी त्यांनी ट्रंक उघडली, पाहिलं, आणि मला बोलावलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "लपवल्यानं छाती वाढते काय माह्यी? तुले भेव वाटते, मले समजते. मलेबी वाटते. पण सकाळी फुंकलं का दिवसभराची सुटी मिळते भेवापासून. तेवढी मिळू दे." मी तांदळातून ते टोक काढून, धुऊन आणून दिलं. त्यांनी आधी वास घेतला आणि म्हणाले, "नवा तांदूळ दिसते."

शेवटची सकाळ फेब्रुवारीतली होती. आदल्या दिवशी रविवार होता आणि मी पिस्टन पुसले होते. एक, दोन, तीन, बोट ठेवून दोनदा पाहिले होते. मामाजींना मी पाठीशी उशा लावून बसवलं, नाकातली नळी काढली, म्हातारी हातात दिली. त्या दिवशी त्यांनी नंबरांचं विचारलं नाही. ओठ लावले. गाल फुगले. काही नाही. परत लावले. 'फुस्स'सुद्धा नाही. त्यांनी ती मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. एवढे घाबरलेले डोळे मी मोठ्या माणसाचे कधी पाहिले नव्हते.

"सूनबाई," ते म्हणाले, "नंबर चुकले काय?"

मी आयुष्यात कधी धड खोटं बोलू शकले नाही. भित्र्या माणसाचं खोटं लगेच तोंडावर दिसतं. पण त्या दिवशी माझा आवाज अजिबात हलला नाही. मी म्हणाले, "हो जी, मामाजी. चुकलेच. काल पुसताना गडबड झाली माझ्या हातून."

ते बराच वेळ माझ्याकडे पाहत होते. नळीचा वास घेऊन खर्रा खाणारा ओळखणारा माणूस. मग त्यांनी श्वास सोडला, जेवढा होता तेवढा, आणि म्हणाले, "मंग बरोबर. लावजो सावकाश. घाई नाही." मी नाकातली नळी परत लावली. त्यांनी डोळे मिटले.

दुपारी ब्लास्टिंगनं खिडक्या हलल्या आणि मला एकदम धास्ती वाटली. समजा मामाजी उठले आणि म्हणाले, दाखव बरं, तर? मी ट्रंकेपाशी जाऊन बसले, झाकणं उघडली आणि माझ्या हातानं एकात तीन घातला, दोनात एक, तीनात दोन. मामाजींनी पाहायला मागितलं नाही. तिसऱ्या दिवशी ते गेले.

ट्रंका आता माझ्याकडे आहेत. रविवारी मी सगळे वाजे पुसते, तेल घालते, नंबर पाहते. फक्त म्हातारी वरूनच पुसते. तिचे पिस्टन आजही तसेच आहेत. ते नीट लावले तर त्या सकाळची चूक माझी राहणार नाही, ती मामाजींच्या छातीची होईल. ते मला नको आहे. एवढी एक चूक मला माझ्याकडे ठेवायची आहे.

परवा मारेगावचे मास्तर आले होते. म्हणाले, "वहिनी, यंदा जयंतीत बाबांच्या नावानं म्हातारी वाजवू म्हणतो."

"ती वाजत नाही, मास्तर," मी म्हणाले. "पुसताना माझ्या हातून नंबर चुकले."

"मंग त्यात काय? आणा इकडं, एका मिनिटाचं काम हाये."

मी ट्रंकेच्या झाकणावर हात ठेवला. "राहू द्या जी."

मास्तरांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हातारीऐवजी महागाववालीला बगलेत मारून ते निघाले. त्यांची गाडी कोपऱ्यावरून वळली तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी मघापासून श्वास धरूनच उभी होते.